कोतवाल बुकातले आमचे पूर्वज

जून महिना लागला की वऱ्हाडातल्या तहसील कचेऱ्यांपुढे एक ओळखीची रांग लागते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा, बाजूला नुकतीच बारावी झालेली पोरगी आणि रोजी बुडवून आलेला बाप. पोरीला इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला जायचे आहे. जातीचे प्रमाणपत्र आहे, पण जात वैधता प्रमाणपत्र नाही. ते मिळवायचे तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा, असे खिडकीतून सांगितले जाते. बाप विचारतो, साहेब, माझा आजा अंगठेबहाद्दर होता, त्याचा पुरावा कुठून आणू? खिडकीतून उत्तर येते, कोतवाल बुकाची नक्कल काढा.

आम्ही अमरावती आणि अकोल्याच्या न्यायालयांत वकिली करतो. त्यामुळे ही रांग आम्हाला नवी नाही. तरी स्वतःच्या थोरल्या भावाच्या मुलासाठी त्या रांगेत उभे राहिलो, तेव्हा कुठे या कागदाचे खरे वजन कळले.

आधी तारखेचे बोलू. १० ऑगस्ट १९५० या दिवशी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्या दिवशी तुमचा बाप किंवा आजा कोठे राहत होता आणि कोणत्या जातीचा होता, हे तुम्ही सिद्ध करायचे. विमुक्त-भटक्यांसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे ज्यांच्या घरात सर्वांत उशिरा अक्षर शिरले, त्यांच्याकडूनच सर्वांत जुना कागद मागितला जातो. हा विरोधाभास कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

आता कोतवाल बुक म्हणजे काय ते नव्या पिढीला सांगितले पाहिजे. गावात मूल जन्मले किंवा माणूस मेला की त्याची नोंद ठेवण्याची पद्धत इंग्रजी अमलात वऱ्हाडात बसली. खबर देण्याचे, वही पोचवण्याचे काम गावच्या कोतवालाचे. हा कोतवाल बहुतेक गावांत महारच असे. वही डोक्यावरच्या मुंडाशात किंवा काखेत मारून तो ऊन-पावसात कोस दोन कोस चालत जाई, पण त्या वहीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. लिहिणारा दुसरा. वाहणारा आपला. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर वय आणि कारण, एवढेच रकाने. जातीचा रकाना मात्र लिहिणारा कधी चुकवत नसे. आज तोच रकाना आमच्या पोरांच्या कामी येतो. ज्या शब्दाने पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द ठळक अक्षरात सापडावा म्हणून आम्ही पानामागून पाने उलटतो.

या नोंदीत मुलाचे नाव क्वचितच असते, कारण नोंद करतेवेळी बारसे झालेलेच नसते. 'अमुक वल्द तमुक महार यास मुलगा झाला' इतकेच. आता त्या आजोबाला चार मुले असतील तर ही नोंद नेमकी कोणाची? मग शाळेतली जन्मतारीख जुळवायला जावे, तर ती गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. कोणाची १ जून, कोणाची १ जुलै. कोतवाल बुकात फेब्रुवारी आणि शाळेत जुलै असे निघाले की समितीपुढे विसंगती उभी राहते. कित्येक जुन्या नोंदी मोडीत आहेत. ती वाचणारा माणूस तालुक्यात एखादाच असतो, नाहीतर नसतोच. काही ठिकाणी लिहिणाऱ्याने 'महार' न लिहिता 'सोमवंशी' किंवा 'लाडवण' अशी पोटजात टाकली आहे. काही ठिकाणी सरळ 'धेड' लिहिले आहे. महाराष्ट्राच्या यादीत महार आणि धेड या दोन निराळ्या नोंदी आहेत. तेव्हा लिहिणाऱ्याने नव्वद वर्षांपूर्वी तुच्छतेने काढलेला शब्द आज नातवाच्या फाइलीत कायद्याचा प्रश्न होऊन बसतो.

आमच्या घराची गोष्ट सांगतो. आमचे मूळ गाव दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. आबाजी, म्हणजे आमचे आजोबा, १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जाऊन बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घेऊन आले. वडिलांचे नाव १९५१ साली शाळेत घातले तेव्हा जातीपुढे 'हिंदू महार' लिहिले गेले. आमच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे. चुलत भावाच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आणि त्याच्याच सख्ख्या बहिणीच्या दाखल्यावर पुन्हा 'हिंदू महार', कारण तेव्हा स्कॉलरशिप बुडेल असे कोणीतरी सांगितले होते. ही काही आमच्याच घरची तऱ्हा नाही, वऱ्हाडातल्या प्रत्येक बौद्ध घरात हीच खिचडी आहे. त्याला कारणही आहे. महाराष्ट्राने १९६० पासून राज्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या, पण केंद्राने १९९० साली कायदा बदलेपर्यंत धर्मांतरित बौद्ध माणूस दिल्लीच्या लेखी अनुसूचित जातीचा नव्हताच. तब्बल चौतीस वर्षे दीक्षा घेतल्याचा दंड भरावा लागला. त्या काळात आईबापांनी शाळेत काय लिहून दिले याचा जाब आज नातवांना विचारणे हे न्यायाचे नाही.

तर वडिलांचा १९५१ चा शाळेचा कागद तारखेच्या पलीकडचा, म्हणून आबाजींपर्यंत मागे जाणे आले. एका कार्यालयात (नाव घेत नाही) आम्हाला सांगण्यात आले की त्या वर्षांची रजिस्टरे वाळवीने खाल्ली आहेत. आम्ही म्हटले, तसे लेखी द्या. लेखी मिळेना. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तेव्हा एका आठवड्यात तीच रजिस्टरे एका कपाटाच्या वर कापडात बांधलेली सापडली! वकील होतो म्हणून अर्ज टाकला. सोयाबीन सोंगायचे सोडून आलेल्या माणसाने काय केले असते? 'नाही' ऐकून परत गेला असता आणि पोरीचे वर्ष वाया गेले असते. अशी किती वर्षे वाया गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पाने चाळताना आबाजींची १९१२ सालची नोंद सापडली. बापाचे नाव बरोबर, जात महार, मुलगा. आमचे काम तेथेच झाले होते. पण हात थांबेना. पुढे १९१८ ची पाने आली. त्या साली वऱ्हाडात मानमोडीची साथ आली होती, जगभर जिला इन्फ्लुएन्झा म्हणतात तीच. इतर महिन्यांना एक दोन पाने आणि त्या हिवाळ्याच्या तोंडी पानांमागून पाने. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. त्यात आमच्या पणजोबांच्या नावापुढे एका आठवड्यात दोन नोंदी होत्या. एक 'बायको', दुसरी 'मुलगी, वय ३'. आबाजींना बहीण होती हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आबाजींनी कधी सांगितले नाही. सहा वर्षांच्या पोराच्या काय ध्यानात राहणार? किंवा राहिले असेल आणि बोलले नसतील.

पणजीचे नाव त्या वहीत नाही. ते कोठेच नाही. गावात आबाजींच्या धाकट्या भावजया आहेत, नव्वदी ओलांडलेल्या, डोळ्यांनी अधू पण जिभेने तल्लख. त्यांना जाऊन विचारले, आजी, तुमच्या सासूचे नाव काय होते? त्या म्हणाल्या, "सासूचं नाव कोनं घेते का बापा? अन् मी तं तिले पाह्यलंच नाही. मूर्तिजापूरकडची होती म्हनत." बस्स, एवढाच पत्ता. मूर्तिजापूर तालुका अकोला जिल्ह्यात, तिचे गाव कोणते ते ठाऊक नाही. एका बाईचे अख्खे आयुष्य 'मूर्तिजापूरकडची' आणि 'बायको' या दोन शब्दांत मावले.

इंग्लंडमध्ये कुळाचा शोध घेण्याचा मोठा नाद आहे. तेथे १५३८ साली आठव्या हेन्रीच्या मंत्र्याने, थॉमस क्रॉमवेलने, हुकूम काढला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. तेव्हापासून गावोगावच्या पाद्र्यांनी वह्या लिहिल्या. १८१३ पासून छापील नमुन्यात बापाबरोबर आईचेही नाव आणि बापाचा धंदा लिहू लागले. त्यामुळे आज तेथला एखादा माणूस जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाऊन, दोनशे वर्षांपूर्वी शेतमजुरी करणाऱ्या आपल्या पूर्वजाचे, त्याच्या बायकोचे आणि लेकरांचे नाव वाचू शकतो. मजूर असला तरी त्याचे नाव देवळाच्या वहीत होते. आमच्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सवर्णांच्या पिढ्यान्पिढ्या नोंदलेल्या आहेत. ज्यांना १९३० साली काळारामाच्या दारात लाठ्या खाव्या लागल्या, त्यांची नावे तेथे कोणी लिहून ठेवायची? अमरावतीच्या अंबादेवीचे दारही आम्हाला बंदच होते. त्यासाठी १९२७ साली सत्याग्रहाचा निर्णय झाला आणि त्याच नोव्हेंबरात बाबासाहेब परिषदेला अमरावतीत आले, हे वऱ्हाडच्या लोकांना सांगायला नको.

पण इंग्लंडची एक बाजू विसरता कामा नये. तेथल्या गरिबालाही कागद दाखवावा लागत होता. १६६२ च्या कायद्याने, ज्या गावचा रहिवास सिद्ध होईल त्याच गावाने गरिबाला मदत द्यायची असे ठरले. मग भुकेल्या माणसाला, पोटुशा बाईला, पंच उलटतपासणी घेत की तू मूळची कुठली, तुझा बाप कुठला. सिद्ध झाले नाही तर हद्दीबाहेर काढत. आज तेथले संशोधक त्या जबान्या आवडीने वाचतात, कारण गरिबांची सर्वांत तपशीलवार माहिती त्यांतच आहे. गरिबाचा इतिहास त्याच्या चौकशीच्या कागदांतच सापडतो, हे तेथेही खरे आणि येथेही. आमच्या दक्षता पथकांचे अहवाल उद्या कोणी वाचील तेव्हा त्याला हेच दिसेल.

आमची खरी नातलग गोष्ट मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची आहे. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली ज्या लढ्याची आठवण ठेवून अर्पण केली, त्याच लोकांची. १८५० आणि १८६० च्या तेथल्या खानेसुमारीत गुलामांचे निराळे तक्ते होते. त्यात मालकाचे नाव, त्याखाली वय, लिंग आणि रंग. गुलामाचे नाव नाही! १८७० सालच्या खानेसुमारीत ते सारे प्रथमच नावानिशी आले. म्हणून आजचा कृष्णवर्णीय माणूस आपले कूळ शोधत मागे जातो, तो बहुधा १८७० पाशी भिंतीवर आपटतो. आमची भिंत कोतवाल बुकाच्या पहिल्या पानाशी आहे. आणि बायांच्या बाबतीत तर तीही नाही.

आता कायद्याकडे वळू. पडताळणीला आमचा विरोध नाही हे स्पष्ट सांगतो. खोट्या जातीचे दाखले काढून राखीव जागा लुबाडणे हा आमच्याच ताटातला घास पळवणे आहे. विशेषतः आदिवासींच्या जागांवर असे किती दरोडे पडले ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली पडताळणी समित्या आणि दक्षता पथकांची घडी घालून दिली, आणि महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्राचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्या कायद्याच्या कलम ८ ने सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला. येथेच आमचे दुखणे आहे. भार अर्जदारावर आणि कागद सरकारच्या कुलपात! ज्याच्या ताब्यात पुरावा आहे त्यानेच विचारायचे की पुरावा कुठे आहे. सार्वजनिक नोंदवहीत कर्तव्य म्हणून केलेली नोंद ग्राह्य धरावी, हे पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ३५ पासूनचे तत्त्व आहे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. पण नोंद ग्राह्य असून काय उपयोग, ती हातात तर आली पाहिजे.

न्यायालयांनी वाट मोकळी करण्याचा प्रयत्न केला आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल आणि त्यात लबाडी नसेल, तर त्याच पुराव्यावर दुसऱ्याला नाकारू नये असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. तरी सख्ख्या काकाचे वैधता प्रमाणपत्र जोडूनही पुतण्याला पुन्हा १९५० च्या मागे पिटाळले जाते, असे अनुभव आमच्याकडे पक्षकार घेऊन येतात. आम्ही प्रत्येकाला सांगतो, घरात एकाला वैधता मिळाली की त्याची फाइल, तिच्यातल्या प्रत्येक कागदासकट, दहा झेरॉक्स काढून दहा घरांत ठेवा. लग्नाचे अल्बम जपतो तसे जपा.

मुळात सरकारला मनात आणले तर काय करता येते ते २०२३ साली सर्वांनी पाहिले आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जिल्ह्याजिल्ह्यात कक्ष उघडले. मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले. कोतवाल बुके, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, गाव नमुना १४, इतकेच काय तुरुंग आणि पोलीस ठाण्यांच्या जुन्या वह्या उघडल्या. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले आणि त्यांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. कोणाला कागद मिळाला याबद्दल आमची पोटदुखी नाही. त्यांच्या आरक्षणाचा वाद निराळा आहे, तो येथे नको. आमचा प्रश्न एवढाच की ज्या पानावर कुणबी लिहिले होते, त्याच पानावर वरच्या खालच्या ओळीत महार, मांग, चांभार, कोळी, बेलदार लिहिलेले होते ना? पान तर तेच होते, स्कॅन तोच होता. मग एका ओळीचा शोध सरकारने घ्यायचा आणि दुसऱ्या ओळीच्या माणसाने पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचे, हा कोणता न्याय? १९५० पूर्वीच्या सगळ्या जन्म-मृत्यूच्या वह्यांची सगळ्या जातींसकट गाववार सूची करावी आणि ती ग्रामपंचायतीत फुकट पाहायला मिळावी. एक साधा शासन निर्णय पुरेसा आहे.

वऱ्हाडच्या बाबतीत तर हे तातडीचे आहे. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला, १९५६ साली मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा झाला. प्रत्येक वेळी दप्तरे बैलगाडीतून नाहीतर ट्रकमधून हलली. आजोबा बाळापूरचा, बाप कारंज्याचा आणि मुलगा पुण्यात, अशा माणसाने तीन जिल्हे फिरायचे. पूर्णेच्या काठच्या गावांत तर पुराने चावड्यांतच पाणी शिरायचे. हे कागद आणखी वीस पावसाळे टिकतील अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही.

आमच्या तरुण कार्यकर्त्यांचा एक सवाल असतो आणि तो प्रामाणिक आहे. बाबासाहेबांनी आपल्याला महारकीतून बाहेर काढले, बावीस प्रतिज्ञा दिल्या, मग आपण पुन्हा पुन्हा 'महार' लिहून का द्यायचे? भावाच्या मुलानेही हेच विचारले, आणि चिडून विचारले. त्याला आम्ही कोर्टातली भाषा वापरून सांगितले की बाबा रे, हे तुझे ओळखपत्र नव्हे, ही नुकसानभरपाईच्या दाव्यातली पावती आहे. अपघात झाला हे सिद्ध करायला दवाखान्याचा कागद लागतो, म्हणून कोणी स्वतःला जन्मभर जखमी म्हणवून घेत नाही. त्याला ते किती पटले ठाऊक नाही. आम्हालाही सही करताना दरवेळी टोचतेच. आता २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले आहे. तेव्हा हाच प्रश्न प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर येणार. धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित यादीतली, या दोन्ही नोंदी एकत्र करता येतात, १९९० च्या दुरुस्तीने तो हक्क दिला आहे. प्रगणक 'मग हिंदू लिहू का' असे म्हणाला तर त्याला हे सांगायला घरातल्या प्रत्येकाला आले पाहिजे.

राहता राहिला आपल्या करण्याचा भाग. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. प्रत्येक तालुक्यातून दोन मुलांनी तरी मोडी शिकून यावे, खर्च विहार समित्यांनी करावा. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा पैसा त्याला पुरतो, हे कोणाला लागले तरी आम्ही लिहिणारच. रविवारी वंदना झाली की विहारातच एक मोठी वही उघडावी आणि म्हाताऱ्यांना बसवून विचारावे. कोण कोणत्या गावाहून आले, १९५६ ला नागपूरला कोण कोण गेले, रेल्वेने की पायी, घरातले देव कोणी काढून टाकले. आणि बायांना मुद्दाम विचारावे, आईचे नाव, आजीचे नाव, माहेरचे गाव. सुना नाव घेणार नाहीत, तर लेकींना विचारावे. आमच्या पणजीची लेक वाचली असती तर तिने सांगितले असते.

भावाच्या मुलाची वैधता चार महिन्यांनी आली. शपथपत्रावरच्या वंशावळीत पणजोबा, आबाजी, वडील, भाऊ आणि तो, अशी सरळ रेघ आहे. समितीला तेवढेच लागते. घरच्या वहीत आम्ही आणखी दोन रेघा ओढल्या. एकीपुढे 'मूर्तिजापूरकडची, मृत्यू १९१८' असे लिहिले, दुसरीपुढे 'मुलगी, वय ३'. मूर्तिजापूरच्या रेकॉर्ड रूममध्ये १८९० ते १९०० च्या सुमाराच्या वह्या आहेत काय, असा अर्ज आम्ही मागच्या आठवड्यात टाकला आहे.